गुरुजींच्या नावानं गेलेले मेल

गोरेगावच्या बसस्टँडमागे, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रविता कटरेचा कॉम्प्युटर क्लास होता. जिना चढताना युरियाचा वास नाकात शिरे, तो घरी जाऊन हातपाय धुतल्याशिवाय निघत नसे. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालणारे. बीएसएनएलची एक लाइन, आभाळ भरून आलं की पहिल्यांदा तीच मान टाकी. सकाळी मुलींची बॅच, दुपारी लोडशेडिंग, संध्याकाळी परीक्षेचे अर्ज भरून घ्यायला आलेल्यांची रेटारेटी. नवरा ओमेश्वर तिरोड्याच्या शाळेवर शिक्षक होता, शनिवारी येई आणि सोमवारी पहिल्या गाडीनं जाई. रविताची पस्तिशी आत्ता कुठे उलटली होती, पण अंगात थकवा असा मुरला होता की झोपून उठलं तरी तो आधीच जागा झालेला असे.

त्यात सारसांच्या वेबसाइटचं काम तिनं अंगावर घेतलं, ते सेवकराम मेंढे गुरुजींच्या शब्दाखातर. गुरुजींनी तिला सातवीपर्यंत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांचे जुने दोस्त डोमनलाल बिसेन रोजच सायकली काढून बोड्या म्हणजे छोटी तळी, मोठे तलाव, धानाच्या बांध्या पालथ्या घालत. कुठे सारसाची जोडी उतरली, कुठे घरटं केलं, किती पिल्लं जगली, हे बघायचं. डोमनलाल शेतकरी माणूस, बोलायला कमी आणि बघायला तेज. या दोघांनी दहा-बारा जणांना जमवून सारस मित्र मंडळ काढलं, आणि रवितानं त्यांना साइट करून दिली. साइटवर फॉर्म होता. 'सारस दिसला? कळवा.' खाली नावाची चौकट, ईमेलच्या पत्त्याची चौकट, आणि मजकुराची मोठी चौकट. बटण दाबलं की मेल गुरुजींना आणि डोमनलालना जाई. पाठवणारा म्हणून तिनं अध्यक्षांचंच नाव आणि पत्ता घालून ठेवला होता, कारण मंडळाचं काही निघालं तर ते गुरुजींच्या नावानं निघावं, ही रीतच होती.

दोन हजार सहा सालचा भादवा. पोळा होऊन गेला होता, धान कमरेला लागला होता. बाजाराच्या दिवशी गुरुजी नेहमीप्रमाणे मेल वाचायला क्लासवर आले. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, दाराजवळची मशीन त्यांची ठरलेली होती. शेजारच्या मशीनवर दोन मुली टायपिंग करत होत्या.

"रविता, हे काय होय?"

ती कागदाला भोकं पाडायचा पंच हातात तसाच घेऊन वळली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकाच तऱ्हेचे मेल होते. पोचला नाही, परत आला, असा पत्ता नाही. माऊस खाली खाली नेला तरी यादी सरत नव्हती.

"मी तं कोणाले काहीच नाही पाठवलं," गुरुजी म्हणाले आणि त्यातला एक त्यांनी उघडला.

आत पुरुषांच्या औषधाची जाहिरात होती, उघडीनागडी. गुरुजींनी उभा जन्म इंग्रजी शिकवलेलं. सवयीनं पहिलं वाक्य त्यांनी अर्धवट मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबले. शेजारच्या मुलींनी कीबोर्डवरच्या नजरा वर केल्या नाहीत, पण त्यांची बोटं थांबली. पाठवणाऱ्याच्या जागी स्वच्छ लिहिलं होतं: सेवकराम मेंढे, अध्यक्ष, सारस मित्र मंडळ.

त्या ढिगात एक खरा मेलही होता. नागपूरच्या एका वयस्क बाईंचा. पक्ष्यांवर त्यांचा मोठा अभ्यास, आणि त्यांच्या एका पत्रासाठी गुरुजी महिना महिना वाट बघत. त्यांनी एकच ओळ लिहिली होती. 'सेवकरामजी, वयाला शोभेल असं वागा.'

"बंद कर," गुरुजी हळूच म्हणाले. रवितानं बंद केलं. ते उठले. दाराशी चपला त्यांना डाव्या-उजव्या लवकर कळेनात. मग जिना उतरून गेले.

तासाभरानं नागपूरहून फोन आला. साइट ज्यांच्या मशीनवर ठेवली होती तिथला भुपेंद्र. नागपुरी माणूस, निम्मं हिंदी, निम्मं मराठी.

"मॅडम, आपकी साइट बंद करनी पडी. तुमच्या फॉर्ममधून हजारो मेल गेले. आमचा सर्व्हरच लोकांनी ब्लॉक करून टाकला. बाकीचे कस्टमर माझ्या डोक्यावर नाचून राहिले."

"फॉर्ममधून कसे जातील? फॉर्म फक्त दोघांना पाठवतो."

"वो आप देखो. कोड तुमचा आहे."

कोड तिचा होता म्हणजे तिनं लावलेला होता. मूळचा तो एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा. चालतो म्हणून ठेवला होता. दुपारी लाइट गेली, संध्याकाळी आली, तेव्हा अर्ज भरणाऱ्यांना उद्या या म्हणून तिनं परत पाठवलं आणि कोड उघडून बसली. बघायला फार वेळ लागला नाही.

मेलच्या मजकुराच्या वर काही ओळी असतात, वाचणाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत. कोणाकडून, कोणाला, उत्तर कुठे पाठवायचं, आणखी कोणाला गुपचूप प्रत द्यायची. एका ओळीत एक हुकूम. ओळ संपली की पुढची ओळ म्हणजे नवा हुकूम. फॉर्म भरणाऱ्यानं लिहिलेला पत्ता रविताचा कोड जसाच्या तसा उचलून त्या वरच्या ओळींत ठेवत होता, उत्तर पाठवायचं सोपं व्हावं म्हणून. तिनं धरून चाललं होतं की पत्त्याच्या चौकटीत लोक पत्ता लिहितील. कोणीतरी तिथं पत्ता लिहिला, ओळ मोडली, आणि खालच्या ओळीत गुपचूप प्रतीसाठी इंटरनेटवरून वेचलेले शेकडो पत्ते ओतले, नागपूरच्या बाईंचाही त्यातच आला. सर्व्हरला काय कळणार! त्याला वाटलं, साइटच सांगते आहे. त्यानं इमानानं पाठवले, गुरुजींच्या नावानं.

कोणीतरी म्हणजे माणूस नव्हेच. एवढ्या वेगानं माणसाची बोटं चालत नाहीत. कुठल्या तरी देशात कुठली तरी मशीन एकामागून एक साइटी चाचपत फिरत होती. तिला गोरेगाव माहीत नव्हतं, सारस माहीत नव्हता. रविताला राग असा आला नाही. भरल्या गोणीवर आणखी एक पायली कोणी ओतावी, तसं वाटलं फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी उघडलं आणि ओसरीतच हलक्या आवाजात सांगितलं, "काल बाजारात लय बोलले बाई ते. श्यामलालच्या टपरीवर, सगळ्यायसमोर. डोमनलालभाऊले म्हणे, तुनंच केलं. घास नाही खाल्ला रात्री."

"आणि डोमनकाका काय म्हणाले?"

"काहीच नाही. कप ठेवला अन् सायकल घेऊन चालले गेले."

गुरुजी आत खाटेवर बसले होते. रवितानं चौकटी, ओळी, हुकूम, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "चौकट आपल्या मनानं घाण लिहिते?"

"चौकट नाही लिहीत, गुरुजी. बाहेरून मशीन लिहिते. परदेशात कुठं तरी असेल."

"परदेशातल्या मशीनले माझं नाव कसं माहीत?"

"नाव तिले माहीतच नाही. नाव मी मागं घालून ठेवलं आहे. जो मेल निघते तो तुमच्याच नावानं निघते."

"अन् पासवर्ड? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तवा मीच देल्ला होता डोमनलालले. त्याच्या घरी पोरानं पुण्यावरून पाठवलेला कॉम्प्युटर आहे. माझे मेल तोच वाचून दाखवे."

"ह्याले पासवर्ड लागतच नाही."

"पासवर्ड न लागता माझ्या नावानं पत्र जाते?" गुरुजींनी चष्मा काढला. "मंग पासवर्ड कायले ठेवला होता?"

प्रश्न बरोबर होता.

खरी गाठ दुसरीकडेच होती. महिन्याभरापूर्वी दोघा दोस्तांचं वाजलं होतं. एका बांधीत सारसानं घरटं केलं होतं, दोन अंडी होती. गुरुजींना ते ठिकाण साइटवर टाकायचं होतं, लोकांना कळावं, अभिमान वाटावा म्हणून. डोमनलाल म्हणाले, टाकू नको, कॅमेरे घेऊन लोक धान तुडवत येतील, अंडी जातील. गुरुजी हट्टाला पेटले, डोमनलालनी बोलणं कमी केलं. आणि आता साइटच बंद पडली होती.

"कोणाच्या मनासारखं झालं, सांग ना," गुरुजी म्हणाले. "तू पोट्टी साधी आहेस. त्याले वाचवून राहिली."

पुढचे दोन दिवस रविता लाइट असेल तेव्हा कोडवर बसली आणि नसेल तेव्हा मुलींना वहीवर की-बोर्ड काढून बोटं ठेवायला शिकवत राहिली. पत्त्याच्या चौकटीत ओळ मोडलेली दिसली की मेल पाठवायचाच नाही, अशी अट तिनं घातली. भुपेंद्रला फोन केला, त्यानं कुरकुरत साइट चालू केली. दुपारी तिनं गुरुजींना निरोप धाडला की दुरुस्त झालं.

तिसऱ्या दिवशी भुपेंद्रचा फोन. "मॅडम, फिर से."

भुपेंद्रनं पाठवलेल्या सर्व्हरच्या नोंदी तिनं उघडल्या. मशीननं पत्त्याच्या चौकटीतून यायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. मग मजकुरातून, तेही नाही. मग नावाच्या चौकटीतून, आणि तिथं तिला वाट मिळाली. मोकाट ढोर कुंपणाला नाक लावत लावत फट शोधतं, अगदी तसं. नावसुद्धा त्याच वरच्या ओळींत जात होतं, हे रविता साफ विसरली होती. बाकी कोणाची चूक नव्हती.

तिनं तसा निरोप धाडला, आणि या खेपेला तावातावानं आलेल्या गुरुजींना जिना चढताना दमही लागला नाही.

"पाह्यलं? एक दार लावलं त दुसऱ्यानं आला! मशीनले येवढी अक्कल असते?"

"असते, गुरुजी. तेवढीच असते."

"हा माणूसच होय. अन् तो कोण, मले माहीत आहे."

"डोमनकाका तं चार दिवसांपासून चिचगडले आहेत, भूमेश्वरीकडं. लेकीच्या गावी तिथं फोन लागत नाही, इंटरनेट कुठून येईल?"

"माणूस दुसऱ्याले सांगून जाऊ शकते," गुरुजी म्हणाले. पण बोलताना त्यांनी नजर खिडकीबाहेर ठेवली.

रवितानं त्या संध्याकाळी अर्धवट काही करायचं नाही असं ठरवलं. फॉर्ममध्ये कोणी काहीही लिहो, त्यातलं एक अक्षरही वरच्या ओळींत जाता कामा नये. नाव, पत्ता, सगळं खालच्या मजकुरातच छापलं जाईल. वरच्या ओळी ती स्वतः बांधून ठेवेल, कायमच्या. छोट्या चौकटींत ओळ मोडलेली सापडली तर तो फॉर्म टाकूनच द्यायचा. तिनं ते केलं, आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. हाच फॉर्म तिनं आमगावच्या राईस मिलच्या साइटवर लावला होता. देवरीच्या एका लॉजच्या साइटवर. स्वतःच्या क्लासच्या साइटवरही.

मिलवाले गोवर्धनशेठ फोनवर म्हणाले, "चालू आहे ना? मंग चालू गाडीले हात कायले लावता?"

"आता चालू आहे, पण कधीही—"

"जवा बिघडेल तवा पाहू, मॅडम."

तिनं न विचारताच ती साइट दुरुस्त केली. लॉजचीही केली. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर परत समजावून सांगावं लागलं असतं. क्लासची तेवढी मुद्दाम तशीच ठेवली आणि गुरुजींना बोलावलं.

ते आले. सकाळची बॅच पलीकडच्या खोलीत होती. रवितानं क्लासच्या साइटचं पान आपल्या मशीनवर उतरवून घेतलं, पत्त्याच्या छोट्या चौकटीची मोठी चौकट केली, म्हणजे तिच्यात ओळ मोडता येईल. एक खोटा पत्ता लिहिला. एंटर दाबलं. खालच्या ओळीत गुपचूप प्रतीचा हुकूम आणि आपला दुसरा, खाजगी पत्ता. बटण दाबलं. मग तो दुसरा पत्ता उघडून दाखवला. मेल आलेला होता. पाठवणारी, रविता कटरे.

"पासवर्ड नाही लागला," ती म्हणाली. "कोणाचाच नाही."

गुरुजींनी परत करायला लावलं. तिनं परत केलं. या खेपेला एंटर त्यांनी स्वतः दाबलं. पडद्यावर आलेला मेल त्यांनी चष्मा सरकवून परत वाचला.

"म्हणजे हे तूबी करू शकते."

"हो."

"डोमनलालबी. परदेशातली मशीनबी. कोणीबी."

"हो."

"मंग डोमनलालनं नाहीच केलं, हे ह्याच्यावरून कसं ठरते?"

ठरत नव्हतंच. दार उघडं होतं एवढंच तिला दाखवता येत होतं. कोण आत आलं ते नाही. नोंदींमधले मशीनच्या पत्त्याचे आकडे परदेशचे आहेत, हे सांगितलं असतं तर गुरुजींनी विचारलं असतं, आकडे खोटे असू शकत नाहीत का? तेही असू शकत होते.

"त्या नागपूरच्या बाईंनी मले काय लिहिलं, तू वाचलं," गुरुजी म्हणाले. "माझं वय काढलं त्यायनं. बाजारात लोक हसून राहिले. अन् तू म्हणते, कोणीच नाही केलं. मशीन. मशीनवर रागावता येते का? मले सांग, मी रागवू कोणावर?"

रविताला एकाएकी इतकं थकून आलं की हात टेबलावरून उचलणंही नको झालं.

"माझ्यावर रागवा, गुरुजी," ती म्हणाली. "फॉर्म मी लावला. मशीन कोणाचीही असो, दार मी उघडं ठेवलं होतं. दोनदा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांची पाठ ताठ झाली.

"लावण्याआधी तपासला काऊन नाही?"

"मले वाटलं, पत्त्याच्या जागी लोक पत्ताच लिहितील."

"वाटलं! वाटलं म्हणजे काय उत्तर होय? दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवून घेतलं, अन् वाचलंबी नाही?"

"नाही वाचलं."

"अन् एक चौकट दुरुस्त करून मले निरोप धाडते, झालं म्हणून! दुसरी चौकट कोणी पाह्यची होती?"

आवाज चढत गेला. पलीकडच्या खोलीतली टकटक थांबली. सातवीच्या वर्गात ते जसे बोलत तसेच बोलले, बोट नाचवत, मध्येच इंग्रजी म्हण घालून, आणि रविता समोर तशीच बसून ऐकत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच कोणीतरी योग्य माणसाशी योग्य विषयावर बोलत होतं, आणि त्यात एक तऱ्हेचा विसावाही होता. बोलून बोलून गुरुजींना धाप लागली. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायलं, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"डोमनलाल चिचगडवरून आला का?"

"काल आले म्हणतात."

"चाल."

डोमनलालचं गाव जवळच होतं. रवितानं क्लासचा फॉर्म तेवढा बंद करून टाकला आणि स्कूटी काढली, गुरुजी मागे एका अंगाला बसले, छत्री मांडीवर. दोन्ही बाजूंनी धान, मधून डांबर उखडलेला रस्ता.

डोमनलाल अंगणात खाटेची नवार ताणत होते. त्यांनी वर पाहिलं, परत नवारीकडे पाहिलं. मुन्नीबाई, त्यांची बायको, दारात आल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. बसा कोणी म्हटलं नाही, तरी गुरुजी ओसरीच्या कडेला बसले.

"धान बरा आहे तुझा," गुरुजी म्हणाले.

"आहे."

"भूमेश्वरी बरी आहे?"

"बरी आहे."

नवार ताणल्याचा तेवढा आवाज. शेवटी गुरुजी छत्रीकडे बघत बोलले, "तुनं नाही केलं ते. रवितानं दाखवलं मले. फॉर्मच उघडा होता."

डोमनलालनी नवारीची गाठ मारली, ओढून बघितली. "रवितानं दाखवलं म्हणून कळलं तुले," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली आपल्याले संग फिरून. त्याच्यावरून नाही कळलं."

मुन्नीबाईंनी चहा आणून ठेवला. रविताला वाटलं, आपण इथून उठून जावं, पण स्कूटी तिची होती.

"आता काय करू, सांग," गुरुजी म्हणाले.

"मी काय सांगू? बाजारात बोलला होतास. बोलायचं असन तं बाजारातच बोल."

पुढच्या बाजाराला रविता भाजी घ्यायला थांबली होती, वांगी आणि बरबटीच्या शेंगा. पलीकडे श्यामलालच्या टपरीवर नेहमीची माणसं होती. गुरुजी तिथं गेले, टोपी नीट केली आणि उभे राहूनच बोलले, वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात, सगळ्यांना ऐकू जावं असं.

"मागल्या बाजारी मी डोमनलालले बोललो. ते खोटं होतं. त्यानं काहीच नाही केलं. ते मेल रविता मॅडमच्या फॉर्ममधून गेले. चूक तिथं होती."

डोमनलाल बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांनी सरकून जागा केली. गुरुजी बसले. श्यामलालनं दोन कप भरले. एवढंच झालं, आणि माणसं परत धानाच्या भावावर बोलू लागली.

वांगीवालीनं मात्र पिशवी देता देता रविताकडे निरखून पाहिलं. "तुमच्याच कॉम्प्युटरमधून जाते का जी ते घाणेरडं?"

"जात होतं," रविता म्हणाली. "आता नाही जात."

दोन दिवसांनी सकाळच्या बॅचमधल्या दोन मुली आल्या नाहीत. एकीचे वडील भेटले तेव्हा शेतात काम निघालं म्हणाले आणि बोलताना स्कूटीच्या हँडलकडे पाहत राहिले. शनिवारी ओमेश्वर आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजींनी तुझं नाव नव्हतं घ्यायला पाहिजे." ती म्हणाली, "खरं तेच बोलले ते," आणि ताट उचलून आत गेली. खरं होतं म्हणून ते कमी लागलं, असं काही नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात दोघं दोस्त जिना चढून क्लासवर आले. डोमनलाल पहिल्यांदाच आले होते. वर येऊन त्यांनी नाकाला रुमाल लावला, युरियाच्या वासानं. रवितानं नागपूरच्या बाईंना लिहायचं पत्र आधीच इंग्रजीत तयार करून ठेवलं होतं, काय झालं, कसं झालं, चूक कोणाची. गुरुजींनी ते वाचलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि पाठव म्हणाले. उत्तर लगेच आलं नाही, नंतरही बरेच दिवस आलं नाही.

"साइट चालू आहे," रविता म्हणाली. "फॉर्मबी आता पक्का आहे. भुपेंद्रनं तपासून घेतला. मी रोज नोंदी पाहते. ती मशीन अजून येते, पण काही जमत नाही तिले."

"रोज येते?" डोमनलालनी विचारलं.

"रोज."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गुरुजी म्हणाले, "फॉर्म काढूनच टाक रविता. माझ्या शेजाऱ्याचा फोन नंबर टाक तिथं. ज्याले सारस दिसन तो फोन करन."

रवितानं माऊसवरचा हात काढून घेतला. गेले पंधरा दिवस, ती लाइटीची वाट बघत काढलेल्या संध्याकाळी, दोन अटी, तीन साइटी, नोंदी, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून सरकून गेलं.

"बरं जी," ती म्हणाली. फॉर्म काढला. नंबर विचारून घेतला, टाकला, दोनदा वाचून दाखवला.

"आणि त्या घरट्याचं?" तिनं विचारलं. "ठिकाण टाकायचं का?"

गुरुजी काही बोलण्याआधी डोमनलालच म्हणाले, "पिल्लं उडून जाऊ दे. मंग टाकू."

"दोन्ही जगली?"

"दोन्ही. येवढी येवढी झाली." डोमनलालनी गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला. "रविवारी ये ना आमच्यासंग. पहाटे निघतो आम्ही. लांबूनच दाखवतो."

"रविवारी मी झोपते, काका."

डोमनलाल हसले. गुरुजींना आधी वाटलं ती चिडली आहे, मग तेही हसले, जरा ओशाळून. दोघं जिना उतरून गेले. खाली सायकलींची घोडी काढल्याचा आवाज आला.

त्या रविवारी रविता खरोखरच झोपली. ओमेश्वरनं पोहे केले, झाकून ठेवले आणि दार ओढून घेतलं. उन्हं अंगणात शिरून मोरीपर्यंत आली तरी ती उठली नाही. दहाच्या सुमारास फोन दोनदा वाजला. ओमेश्वरनं उचलून सांगितलं की मॅडम घरी नाहीत.